दारचा मोगरा : ओळख आणि वंशावळ

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मोगरा' असे एका शब्दात सांगून टाकले. समोरचे गृहस्थ जरा घुटमळले. कंधारचा किल्ला आहे, उदगीरची लढाई आहे, औशाचा किल्ला आहे. इतिहासाला विषयांचा काही दुष्काळ नाही, मग हे फुलझाडाचे काय काढले, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आम्ही त्यांना इतकेच म्हणालो की किल्ल्याचे चिरे कधी बसवले ते शिलालेख सांगतो, पण आपल्या दारातल्या झुडपाला कोणी शिलालेख कोरीत नाही; त्याची विचारपूस कोणी तरी केलीच पाहिजे. शिवाय वेळही जुळून आली आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यानांचा हंगाम आणि मोगऱ्याचा हंगाम एकच. सायंकाळी सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांच्या घरी तरी या वेळी मोगऱ्याची कळी उमलत असते, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या शेजारणीच्या वेणीत ती असते.

प्रथम ओळख पटवली पाहिजे; कारण ज्याला मोगरा म्हणतात ते सगळेच मोगरा नसते, हे आम्ही पदरचा अनुभव खर्चून शिकलो आहोत. तो अनुभव पुढे सांगू. मोगऱ्याचे पान साधे, एकेरी असते. देठावर एकच पाते. ते बहुधा समोरासमोर जोडीने येते, काही जातींत तिघांच्या फेऱ्याने. ही एक खूण ध्यानात ठेवली की निम्मा घोटाळा मिटतो. चमेलीचे आणि जाईचे पान अनेक पर्णिकांचे, पिसासारखे असते. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका व तिच्या खाली कानाच्या पाळीसारख्या दोन चिमुकल्या असतात. कुंदाचे पान मोगऱ्यासारखेच एकेरी, पण कुंद लवदार असतो, थंडीत फुलतो आणि वासाच्या बाबतीत फारच कंजूष असतो. उरली तगर. दुहेरी पाकळ्यांची तगर लांबून पाहिली तर भल्याभल्यांना फसवते. तिच्यासाठी उपाय सोपा आहे. पान खुडावे, पांढरा चीक आला तर ती तगर. मोगऱ्याला चीक नाही.

मोगऱ्यातही घराणी आहेत. एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा. टपोऱ्या, गोल कळीचा आणि भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा. लांबट, टोकदार कळीचा मदनबाण. घोसांनी फुलणारा हजारी. आणि मांडवावर चढवतात तो वेलमोगरा. आता येथे एक प्रश्न उभा राहतो व तो श्रोते नेहमी विचारतात. मोगरा हे झुडूप की वेल? ज्ञानदेवांच्या नावाने महाराष्ट्र जो मोगऱ्याचा अभंग गातो, त्यात दारी लावलेल्या रोपाचा वेल आकाशाला भिडतो. आपल्या परसातला मोगरा तर गुडघ्याच्या वर उठायला तयार नसतो. उलट जमिनीवर हातपाय पसरतो. मग खरे कोण?

दोघेही खरे आहेत. मोगरा जन्माने अर्धवट वेल आहे. त्याला ताणे नाहीत, पण फांद्या लांब, लवचिक आणि आधार शोधणाऱ्या असतात. आधार दिला आणि छाटले नाही तर तो चढतो. दरसाल छाटला तर बुंध्यातून फुटतो आणि आडवा पसरतो. अमरकोशकाराने हे नीट पाहिलेले दिसते. त्याने मल्लिकेला जी नावे दिली आहेत त्यात एक 'भूपदी' आहे, म्हणजे जिचे पाय भुईवर पसरलेले आहेत ती. दुसरे नाव 'शीतभीरु', थंडीला भिणारी. एका झाडाचे रूप आणि एका झाडाचा ऋतू, दोन शब्दांत सांगून झाले! वनस्पतिशास्त्राच्या जाड ग्रंथांत यापेक्षा पुष्कळ जास्त शब्द असतात, पण आम्हांला त्यातून याहून फार जास्त काही कळले आहे असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

'मल्लिका' संस्कृतात राहिली, तशी दक्षिणेतही राहिली. तेलुगूत मल्ले, कानडीत मल्लिगे. आपण मात्र 'मोगरा' म्हणतो. हा शब्द 'मुद्गर' या संस्कृत शब्दावरून आला. मुद्गर म्हणजे लाकडी ठोकणे. धुणे बडवण्याची जी मोगरी आपल्या आयाबायांच्या हाती असे तिचेही मूळ तेच. फुगीर डोके आणि खाली बारीक दांडा, असा कळीचा आकार पाहून कोणा रसिकाने हे नाव दिले असावे. इतक्या नाजूक फुलाला धोपटण्याचे नाव देणारा तो रसिक कोण होता, हे कळले असते तर आम्ही त्याचे आभार मानले असते.

नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे या दोन नावांच्या शिवेवर बसले आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून थोडे पुढे गेले की मोगऱ्याचे 'मल्ले' होते. निलंगा, उदगीरकडून बीदरच्या बाजूला उतरले की 'मल्लिगे' होते. या शिवाही काही फार जुन्या नव्हेत. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. मुधोळ तेव्हापर्यंत नांदेडमध्ये होते, ते आदिलाबादेत गेले. आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. निजामी अमदानीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारी भाषा एकाच राज्यात नांदत होत्या, आणि उर्दूत याच फुलाला 'मोतिया' म्हणत. म्हणजे एकाच बाजारात एकाच टोपलीला चार नावांनी हाक मारणारी गिऱ्हाइके उभी असत. राज्ये वाटली गेली, तालुके वाटले गेले; टोपली वाटता आली नाही.

आता जरा दूरचा प्रवास करू, कारण या दारच्या झुडपाने केलेला प्रवास आपल्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. अकबराच्या दरबारी अबुल फज़लने 'आईन-इ-अकबरी' लिहिला, त्यातल्या सुवासिक फुलांच्या यादीत रायबेल आणि मोगरा अशी दोन नावे वेगळी नोंदली आहेत. म्हणजे जातींचा भेद तेव्हाही माळ्यांना ठाऊक होता. समुद्राच्या वाटेने मात्र मोगऱ्याला नेले ते पोर्तुगीजांनी. कोकणी-मराठी 'मोगरी' हा शब्द त्यांच्या तोंडी 'मोगोरी', 'मोगोरिम' असा झाला. गोव्याच्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी पोर्तुगीज भाषेत शिरलेल्या आशियाई शब्दांचा जो मोठा कोश १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध केला, तो अशा शब्दांच्या प्रवासाची साक्षच आहे. इटलीत हाच शब्द 'मुघेरिनो' झाला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्या बागेत सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून आलेला भरगच्च पाकळ्यांचा मोगरा लागला, आणि त्या जातीला युरोपात आजही 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' म्हणतात. तिकडे अशी कथा सांगतात की ड्यूकने या झाडाची डहाळी बाहेर जाऊ द्यायची नाही असा हुकूम काढला होता, आणि एका माळ्याने आपल्या प्रियेच्या वाढदिवसाला ती चोरून नेलीच. कथा खरी की खोटी यात आम्ही पडत नाही. पण ज्याने कोणी ती रचली त्याला मोगरा माहीत होता; कारण डहाळी चोरल्याशिवाय मोगरा मिळत नाही, हे आमच्या गल्लीतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

डच लोकांचे काम याहून शिस्तीचे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा भागांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापवला. त्यात 'मुल्ला' या मल्याळी नावाखाली आपला मोगरा चित्रासह आला आहे. मराठी वाचकाने या ग्रंथाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य या कामात होते, आणि त्यांनी दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या भागात छापले गेले. चित्रांवरही वनस्पतींची कोकणी नावे नागरीत कोरली आहेत. आपल्याकडे छापखाना नीट रुजायच्या कितीतरी आधी आपली लिपी ॲमस्टरडॅमला तांब्याच्या पत्र्यावर उमटली होती, आणि ती एखाद्या राजाच्या नावासाठी नव्हे, झाडाझुडपांच्या नावांसाठी.

पुढे स्वीडनचा लिनीयस आला. त्याने १७५३ मध्ये जगातल्या झाडांना दोन-दोन शब्दांची नावे दिली आणि मोगऱ्याला चक्क पारिजातकाच्या कुळात घातले: 'निक्टँथस सँबॅक'. आपल्याला हसू येईल, पण त्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. तो फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडीत असे. मोगऱ्यालाही दोन, पारिजातकालाही दोन. शिवाय दोघांच्या पाकळ्या पाचांवर न थांबता सहा, सात, आठ अशा जाणाऱ्या. पाने आणि फळे बाजूला ठेवली तर हा हिशेब चुकीचा नाही. 'सँबॅक' हा त्याने घेतलेला शब्द अरबी 'जंबक' यावरून आला. अरब लोक चमेलीच्या सुगंधी तेलाला ते नाव देत. त्याच अरबी संबंधामुळे इंग्रजीत मोगऱ्याला अरबस्तानची जाई म्हणतात. मोगरा अरबस्तानचा मुळीच नव्हे. त्याचे माहेर भारत आणि भूतानच्या बाजूचा हिमालयाचा पायथा. परंतु व्यापारी ज्या बंदरातून माल आणतो त्याचेच नाव मालाला चिकटते.

लिनीयसची चूक १७८९ मध्ये दोघांनी दोन तऱ्हांनी दुरुस्त केली. लंडनजवळच्या क्यू उद्यानाचा माळी विल्यम एटन याने मोगरा जाईच्या कुळात नेला, म्हणून आजचे शास्त्रीय नाव 'जॅस्मिनम सँबॅक'. त्याच वर्षी पॅरिसला जुसिएने मोगऱ्यासाठी स्वतंत्र कुळच काढले आणि त्याला नाव दिले 'मोगोरियम'! पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग फोडला जात होता त्या वर्षी त्याच नगरीत एक पंडित आपल्या मोगऱ्याचे नाव लॅटिनमध्ये बसवीत होता. शास्त्राने शेवटी एटनचे ऐकले व मोगोरियम मागे पडले. निर्णय शास्त्रशुद्ध आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र वाईट वाटले, हेही लपवीत नाही.

पूर्वेकडे मोगऱ्याला याहून मोठा मान मिळाला. फिलिपिन्समध्ये तो 'सांपागीता' या नावाने १९३४ पासून राष्ट्रीय फूल आहे; इंडोनेशियातही 'मेलाती' म्हणून त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे; आणि चिनी लोक चहाची पाने मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर रात्रभर ठेवून चहाला त्याचा वास लावतात. कळी संध्याकाळी उमलते व रात्री वास सोडते, म्हणून हे काम रात्रीचे. आपल्याकडे हीच कळी सकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवतात, म्हणजे दिवेलागणीला गजरा फुलतो.

येथवर ग्रंथांचा इतिहास झाला. पण मोगऱ्याला ग्रंथांची तशी गरज नाही. तो स्वतःच स्वतःचा दस्तऐवज आहे. याचे कारण असे की आपल्या बागांतला मोगरा सहसा बी धरत नाही. त्याच्या पुष्कळ जातींत गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन असतात, आणि असे झाड बीज तयार करण्यात अडखळते. त्यामुळे मोगरा फांदीवरूनच वाढवावा लागतो. पावसाळ्यात खालची फांदी वाकवून, मातीखाली दाबून तिला मुळे फुटू द्यायची आणि मग तोडून लावायची. बियांचे झाड म्हणजे आईबापांचे मूल. दाबकलमाचे झाड मूल नव्हे, तेच झाड असते. म्हणजे आज आपल्या दारात जो बटमोगरा आहे तो कुठल्या तरी जुन्या झाडाचा तुकडा, ते त्याहून जुन्याचा. आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये कोणाचा तरी हात. एक हात जरी आखडला तरी साखळी तुटली.

आमच्या घरची साखळी अशी. आमच्या आजीचे माहेर देगलूरकडचे. ती मोगऱ्याला मरेपर्यंत मल्लेच म्हणत असे. तिने माहेरून आणलेला बटमोगरा नांदेडला वाड्यातल्या विहिरीपाशी लागला. आत्याचे लग्न होऊन ती लातूरला गेली तेव्हा आजीने डालड्याच्या डब्यात त्याचे दाबकलम करून दिले, आणि आत्याने ते एस.टी.त मांडीवर धरून नेले. पुढे वाडा पडला, विहीर बुजली, तेथे तीन मजले उठले. नांदेडचे झाड गेले. कोणाला फारसे वाटले नाही, कारण लातूरचे होते.

मग २०१६ साल आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. भाजी धुतलेले पाणी, तांदळाचे धुवण, हातावरून ओघळलेले पाणी, सगळे ती मोगऱ्याला घालीत असे. चैत्रात तो फुललाही. पण एके दिवशी तिने शेजारच्या सुनेला दोन घागरींसाठी कोणाच्या दारी विनवण्या करताना पाहिले आणि मोगऱ्याचे पाणी बंद केले. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाली, "पोरा, माणसं तहानलेली असताना मी फुलं कशी माळू रे?" आम्हांला उत्तर सुचले नाही. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा बुंधा वाजत होता.

पुढच्या वर्षी आम्ही शोध घेतला. आत्याने इतक्या वर्षांत कलमे कोणाकोणाला दिली याची तिला आठवण होती, पण माणसे पांगली होती. उदगीरला एका बाईंकडे झाड आहे असे कळले. आम्ही गेलो, पाहिले, पांढरेशुभ्र दुहेरी फूल पाहून गहिवरलो, एक डहाळी मागून घेतली, आणि लातूरला येऊन आत्यापुढे ठेवली. तिने पान खुडले. चीक आला. "ही तगर आहे," ती म्हणाली, आणि आमच्या पदव्यांबद्दल जे बोलली ते येथे सांगत नाही. मगाशी ओळखीच्या खुणा इतक्या तपशिलाने सांगितल्या त्याचे मूळ येथे आहे. खरे झाड त्याच बाईंच्या नणंदेकडे, दोन गल्ल्या सोडून, धुण्याच्या दगडापाशी निघाले. पान एकेरी, चीक नाही, कळी टपोरी. जुलैत दाबकलम केले, दिवाळीनंतर तोडून आणले.

ते रोप आज आमच्या नांदेडच्या अंगणात आहे, म्हणून जोपासनेविषयी चार शब्द सांगायचा अधिकार आम्हांला मिळाला आहे असे समजतो. आपली काळी जमीन मोगऱ्याला आवडते तितकीच मारतेही. पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळे कुजतात. म्हणून हात-दीड हात खोल खड्डा घेऊन त्यात निम्मे शेणखत व थोडी वाळू मिसळावी आणि रोप जरा उंचवट्यावर लावावे. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथे पाणी वाढवून उपयोग नाही. ती लोहाची भूक आहे, थोडी हिराकस पाण्यातून द्यावी. सावलीत लावू नये. सावलीत मोगरा पाने देतो, फुले देत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे छाटणी. पुष्कळ घरी मोगरा फुलत नाही म्हणून तक्रार असते, आणि पाहावे तर वर्षानुवर्षे कात्री लागलेली नसते. कळी नव्या फुटीवर येते; जुन्या काडीवर नाही. थंडी सुरू झाली की पाणी तोडावे, पाने गळू द्यावी. डिसेंबरच्या सुमारास जमिनीपासून हातभर ठेवून झुडूप छाटावे, भोवतीची माती हलकेच उकरून खत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. फाल्गुनात कळ्या दिसू लागतात. चैत्र-वैशाख भर फुलतो. कळीला बारीक भोक दिसले तर आत अळी आहे असे समजून ती कळी खुडून नष्ट करावी. पाण्याचे म्हणाल तर थंडीत त्याला तहानलेले ठेवणे हेच शास्त्र आहे. उन्हाळ्यात मात्र बुंध्याशी पालापाचोळा अंथरून सकाळी थोडके पाणी दिले तरी भागते. अंघोळीच्या साबणाचे पाणी घालू नये, भाजी-तांदूळ धुतलेले खुशाल घालावे. दर पावसाळ्यात एक फांदी दाबावी आणि ते कलम दुसऱ्या गावी पाठवावे. एकाच गावात दोन झाडे ठेवल्याने दुष्काळात काही वाचत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्या रोपाची दोन कलमे गेल्या पावसाळ्यात निघाली. एक लातूरला आत्याच्या जुन्या अंगणात लावले. ती आता नाही, पण धाकटी सून पाणी घालते. दुसरे देगलूरला गेले. ज्यांच्याकडे दिले त्या बाई तेलुगू बोलणाऱ्या आहेत. त्यांनी डब्यातले रोप हातात घेतले, पान खुडून पाहिले, आणि "मल्लेच आहे" म्हणून आत नेले.